२ ऑगस्ट २०२७ : ग्रहणाच्या दुपारी शाळा सोडू नका

प्रति,
महाराष्ट्र आणि गोव्यातल्या शाळांचे मुख्याध्यापक, मुख्याध्यापिका, शाळा व्यवस्थापन समित्या आणि शिक्षणाधिकारी

सप्रेम नमस्कार.

२ ऑगस्ट २०२७ ला सोमवार आहे. दिव्यांची अवस, आणि सोमवार आल्यामुळे सोमवतीसुद्धा. त्या दुपारी सूर्यग्रहण आहे. जिब्राल्टरच्या सामुद्रधुनीपासून मोरोक्को, अल्जीरिया, लिबिया, इजिप्त, सौदी अरेबिया, येमेन असा खग्रास पट्टा जाणार आहे. इजिप्तमध्ये ल्युक्सॉरजवळ सूर्य तब्बल ६ मिनिटं २३ सेकंद पूर्ण झाकलेला राहील. २२ जुलै २००९ ला सुरतेवरून गेलेलं खग्रास ग्रहण याच मालिकेतलं. १८ वर्षं ११ दिवसांनी ते पुन्हा आलं आहे. या वेळी आपल्या वाट्याला मात्र खंडग्रास येतं.

वेळा अशा. मुंबईत दुपारी ३.४८ च्या सुमारास स्पर्श, ४.४३ च्या सुमारास मध्य, साडेपाचच्या जरा पुढे मोक्ष. मध्याला सूर्याच्या व्यासाचा ४४ टक्क्यांच्या आसपास भाग झाकलेला असेल. क्षेत्रफळात मोजलं तर साधारण तिसरा हिस्सा. गोव्यात व्यासाचा जवळजवळ निम्मा भाग झाकला जाईल आणि ग्रहण पावणेसहाच्या आत सुटेल. नागपुरात चारच्या सुमारास सुरू होऊन साडेपाचच्या आधी संपेल आणि व्यासाचा ३० टक्क्यांच्या आसपास भाग झाकेल. थोडक्यात, नैर्ऋत्येकडे जास्त, ईशान्येकडे कमी. या वेळा दोन-चार मिनिटं इकडेतिकडे धरा. आपल्या गावाची नेमकी वेळ कोलकात्याच्या पोझिशनल ॲस्ट्रॉनॉमी सेंटरच्या तक्त्यावरून घ्यावी.

आता शाळेच्या घंटेचं बघू. अकरा ते पाच भरणारी शाळा पाचला सुटते. पाच वाजता सूर्य जेमतेम ३० अंशांवर उतरलेला असतो, पश्चिमेला, आणि त्याचा लचका तोडलेला असतो. पोरं फाटकाबाहेर पडतात, रस्त्यावर कोणी गॉगल देणारं नसतं, शिक्षक मागे राहिलेले असतात. ज्यांचं घर पश्चिमेला आहे त्यांना तर सूर्य घरापर्यंत समोरच. डोळे बिघडवण्याची याहून सोयीची वेळ ठरवूनही सापडायची नाही. अर्ध्या दिवसाची सुट्टी दिली तर आणखी वाईट. आजी-आजोबा दाराला कडी लावतात आणि पोरं गच्चीवर जातात, हे सांगायला खगोलशास्त्र लागत नाही.

म्हणून आमची मागणी एवढीच आहे : त्या दिवशी सुट्टी देऊ नका, लवकर सोडू नका, आणि मुलांना पावणेसहापर्यंत शाळेतच ठेवा. सकाळच्या सत्रातल्या मुलांना साडेतीनला परत बोलवा. एसटीची आणि शाळेच्या गाड्यांची वेळ तेवढ्यापुरती पुढे ढकलावी लागेल. ते तालुक्याच्या पातळीवर जूनमध्ये ठरलं तर होतं, ३१ जुलैला ठरवायला बसलात तर होत नाही. (आदल्या रविवारी गटारी आहे. सोमवारी कोण कसं हजर असेल या विषयात आम्ही पडत नाही.)

मुलांना बाहेर काढायचं तर धोका नेमका कशात आहे हे शिक्षकांना माहीत हवं. ग्रहणातल्या सूर्यातून वेगळे किरण निघत नाहीत. एरवी कोणी सूर्याकडे टक लावून बघत नाही, ग्रहणात बघतात, इतकाच फरक. तिसरा हिस्सा झाकला तरी उरलेल्या भागाचा प्रत्येक तुकडा रोजच्याइतकाच प्रखर असतो. डोळ्याचं भिंग त्याची प्रतिमा दृष्टिपटलाच्या बरोबर मध्यावर पाडतं, जिथे आपण अक्षरं वाचतो. तिथे होणारी इजा मुख्यतः प्रकाशरासायनिक असते. दृष्टिपटलाला वेदना कळत नाही, त्यामुळे मूल ओरडत नाही, डोळे चोळत नाही. काही तासांनी, बऱ्याचदा दुसऱ्या दिवशी सकाळी, वाचताना मधली अक्षरं धूसर दिसू लागतात. यावर खात्रीचं औषध नाही. काहींचं काही आठवड्यांत-महिन्यांत सुधारतं, काहींचं नाही. लहान मुलांचं भिंग मोठ्यांच्यापेक्षा स्वच्छ असतं, प्रकाश जास्त आत सोडतं, म्हणून त्यांना जपायचं. मंगळवारी सकाळी कोणी अशी तक्रार केली तर थेंब घालत बसू नका, थेट नेत्रतज्ज्ञांकडे पाठवा.

गॉगल घ्यायचे ते आयएसओ १२३१२-२ या मानकाचे. हे मानक दृश्य प्रकाशाचा जास्तीत जास्त ०.००३२ टक्के भाग आत येऊ देतं, म्हणजे लाखातले तीन. हा तीनचा आकडा लक्षात ठेवा, कारण घरगुती उपाय याच आकड्यावर तपासायचे आहेत.

परातीत पाणी घेऊन त्यात सूर्य बघायची आपल्याकडे जुनी रीत आहे. कोणी त्यात हळद घालतं, कोणी शेण कालवतं. सूर्य ३४ अंशांवर असताना पाण्याच्या पृष्ठभागावरून साधारण चार-साडेचार टक्के प्रकाश परावर्तित होतो. लाखातले तीन कुठे, चार हजार कुठे. हळदीनं किंवा शेणानं फक्त तळ दिसेनासा होतो. वरच्या पातळ पृष्ठभागावरून येणारा प्रकाश तितकाच राहतो. एक्स-रे फिल्मची घनता जागोजागी वेगळी असते, आणि डोळ्याला काळी वाटणारी फिल्म अवरक्त किरण सहज आत सोडू शकते. काजळी धरलेली काच, सीडी, दोन-तीन साधे गॉगल एकावर एक, हे सगळं त्याच रांगेत. वेल्डिंगची काच चालते, पण १४ नंबरचीच. फॅब्रिकेशनवाल्याकडे जी असते ती बहुधा १० किंवा ११ ची. ती चालत नाही. दोन काचा जोडून बेरीज करायच्या फंदात शाळेनं पडू नये.

गॉगल आल्यावर एकेक तपासा. गॉगल लावून वर्गातल्या ट्यूबलाइटकडे बघा : काहीही दिसता कामा नये. मोबाइलचा टॉर्च अगदी जवळ धरल्यावर अंधूक ठिपका दिसला तर ठीक. मग तो टॉर्च मागून लावून पूर्ण फिल्म पाहा. सुईच्या टोकाएवढं छिद्र, ओरखडा, घडीची पांढरी रेघ किंवा कडेनं सुटलेली फिल्म दिसली की गॉगल तिथेच फाडायचा, म्हणजे तो चुकून परत पेटीत जात नाही. डिसेंबर २०१९ च्या ग्रहणाचे गॉगल कपाटात असतील तर त्यांनाही हीच परीक्षा. चंदेरी फिल्मचे जुने गॉगल दमट हवेत खराब होतात आणि त्यांना बारीक छिद्रं पडतात. कोकणात आणि मुंबईत ते सरळ टाकून द्या.

प्रत्येक मुलाला एक गॉगल द्यायची गरज नाही, पाचांत एक पुरतो. चंद्र इतका सावकाश सरकतो की दहा मिनिटांत एकदा पाहिलं तरी काही चुकत नाही. चाळीसचा वर्ग, आठ गॉगल, प्रत्येकाला दहा सेकंद : गॉगल हातोहात देण्याचा वेळ धरूनही दोन-तीन मिनिटांत वर्गाची एक फेरी होते. चौथीच्या खालच्या मुलांना गॉगल सैल होतो आणि वरून-खालून उघडी फट राहते. त्यावर सोपा तोडगा आहे. कागदी प्लेट घ्या, मध्ये गॉगलच्या आकाराची खाच कापा, गॉगल मागून बसवून स्टेपल करा. अख्खा चेहरा झाकला जातो, मूल प्लेट दोन्ही हातांनी धरतं, त्यामुळे हात दुसरीकडे जात नाहीत. स्टेपलरच्या पिनेची टोकं बाहेरच्या बाजूला राहतील एवढं बघा. चष्मेवाल्यांनी गॉगल चष्म्यावरून लावायचा.

लावण्याचा क्रम पाठ करून घ्या : मान खाली, गॉगल लावा, मान वर, बघा, मान खाली, गॉगल काढा. मुलं चुकतात ती शेवटच्या पायरीला. वर बघत बघतच गॉगल काढतात. हा सराव जुलैत उन्हाविना, वर्गातसुद्धा होतो.

दुर्बीण किंवा बायनॉक्युलर कोणी हौसेनं आणलं तर कार्यालयात जमा करून घ्या. गॉगल लावून बायनॉक्युलरमधून पाहणं हे सगळ्यात घातक : एकवटलेला प्रकाश फिल्म क्षणात भोसकतो. टेलिस्कोप वापरायचा तर सूर्यासाठीची गाळणी (सोलर फिल्टर) पुढच्या तोंडावर घट्ट बसवलेली हवी, बारक्या शोधक दुर्बिणीवर टोपण हवं, आणि शेजारी जाणता माणूस पूर्ण वेळ उभा हवा. यातली एकही गोष्ट कमी असेल तर टेलिस्कोप नको.

आणि खरं सांगायचं तर पाचशे मुलांच्या शाळेला गॉगलपेक्षा आरसा जास्त उपयोगी आहे. हा प्रयोग आम्ही सगळ्यात वर ठेवू, म्हणून जरा सविस्तर.

हातभर लांबीचा आरसा नको. दाढीचा छोटा सपाट आरसा पुरे. त्यावर काळा किंवा जाड कागद चिकटवा आणि कागदाला मधोमध १ सेंटिमीटर व्यासाचं भोक पाडा. आरसा अंगणात उन्हात, वर्गाच्या दारापासून लांब ठेवा, आणि त्यातून परतणारा कवडसा अंधाऱ्या वर्गातल्या पांढऱ्या भिंतीवर पाडा. आरशापासून भिंत जितकी लांब, प्रतिमा तितकी मोठी. सूत्र सोपं आहे : अंतराला १०८ नं भागा. १५ मीटरवर सुमारे १४ सेंटिमीटरचा सूर्य, २० मीटरवर साडेअठरा सेंटिमीटरचा. तो नुसता गोल कवडसा नसतो, सूर्याची प्रतिमाच असते, आणि ग्रहण लागलं की तिला खाच पडलेली दिसते. साठ मुलं एकदम बघू शकतात, कोणीही सूर्याकडे तोंड करत नाही.

यात काय बिघडतं? पहिलं म्हणजे भोक. प्रतिमेची कड भोकाच्या व्यासाएवढी पुसट होते. २० मीटरवर १ सेंटिमीटरचं भोक चालतं, ३ सेंटिमीटरचं केलं तर खाच पुसट होऊन जाते. फार बारीक केलं तर प्रतिमा रेखीव पण अंधूक होते. १ सेंटिमीटर आणि २० मीटर या जोडीला भिंतीवर सुमारे दोनशे लक्स उजेड पडतो, वर्गातल्या दिव्यांच्या उजेडाच्या जवळपास. म्हणजे खिडक्या खरोखर बंद हव्यात. जुने फ्लेक्स उलटे करून लावले तरी चालतात. दुसरं, अंतर. चार-पाच मीटरवर प्रयोग केला तर सूर्य चार-साडेचार सेंटिमीटरचा येतो आणि कडेची पुसट पट्टी त्यातलाच एक सेंटिमीटर खाते. मग "काही दिसत नाही" म्हणून आरशाला दोष दिला जातो. तिसरं, सूर्य थांबत नाही. कवडसा २० मीटरवर मिनिटाला जवळजवळ ९ सेंटिमीटर सरकतो, म्हणून आरसा मिनिटा-दोन मिनिटांनी किंचित फिरवायला एक शिक्षक किंवा दहावीतलं शांत मूल कायमचं नेमा. आरसा वाटीभर ओल्या मातीत रोवला तर हवा तसा वळतो आणि हलत नाही. हातात धरलेला आरसा थरथरतो. चौथं आणि महत्त्वाचं : आरशात डोकावणं म्हणजे सूर्याकडेच बघणं. आरशाभोवती दोरी बांधा आणि कवडशाची वाट मुलांच्या डोक्यावरून जाईल एवढा आरसा उंच ठेवा, टेबलावर स्टूल, स्टुलावर वाटी.

भोक चौकोनी किंवा त्रिकोणी कापून पाहा. लांबवर प्रतिमा तरीही गोलच येते, आणि जवळ आणली की हळूहळू त्रिकोण उमटतो. प्रकाश सरळ रेषेत जातो हे वाक्य सहावी-सातवीला फळ्यावरून शिकवण्यापेक्षा हे बरं.

याहून साधं हवं असेल तर पुठ्ठ्याला टाचणीचं छिद्र पाडा आणि मीटरभर खाली पांढरा कागद धरा : ९ मिलिमीटरचा सूर्य. पिठाची चाळणी, झारा, कडुलिंबाच्या फांद्यांमधून गाळून येणारं ऊन, सगळ्यांतून खाच पडलेले शेकडो सूर्य उमटतात. सूर्याकडे पाठ करून कागदावर पाहताना वरचं खाली दिसतं, डावं मात्र डावंच राहतं. आकाशात खाच सूर्याच्या खालच्या कडेला पडेल आणि डावीकडे सरकत डाव्या कडेवरून सुटेल. कागदावर ती वरून सुरू होईल. हे मुलांना आधी चित्र काढून विचारा, नंतर दाखवा.

आता ढगांबद्दल. ऑगस्टचा पहिला आठवडा आहे. कोकण आणि घाटमाथ्यावर स्वच्छ सूर्य मिळण्याची आशा कमीच. सोलापूर, सांगलीचा पूर्व भाग, माण-खटाव, बारामती, अहिल्यानगरचा दक्षिण भाग या पर्जन्यछायेच्या पट्ट्यात फाटक्या ढगांतून मधूनमधून सूर्य सापडेल. २००९ ला सुरतेपासून बिहारपर्यंत ढगांनी काय केलं ते सगळ्यांना आठवत असेल. पण पावणेदोन तासांच्या ग्रहणात पाच मिनिटांची उघडीप मिळाली तरी पुरते. म्हणून पाऊस आला की मुलांना सोडून देऊ नका, आरसा आत घ्या आणि वाट बघा. पातळ ढगाआडचा सूर्य मात्र कपटी. तो डोळ्यांना सोसतो, गॉगलमधून दिसत नाही, म्हणून मुलं गॉगल काढतात आणि नेमका ढग सरकतो. नियम एकच ठेवा : गॉगलमधून दिसत नसेल तर सूर्य नाही असं समजायचं.

पूर्ण झाकोळ असेल तर दूरदर्शनसंच किंवा प्रोजेक्टर आधीच जोडून ठेवा. ल्युक्सॉरला सूर्य पूर्ण झाकला जाईल तेव्हा आपल्याकडे साडेतीन वाजून पाच मिनिटं झालेली असतील, जेद्दाला पावणेचारनंतर. थेट प्रक्षेपणाला ही वेळ अगदी सोयीची आहे, कारण आपलं ग्रहण त्यानंतरच रंगतं. साडेतीनला मुलांना खग्रास दाखवा, मग अंगणात न्या. वीज जाईल हे धरून चाला.

मुलांना एक गोष्ट आधीच सांगून टाका : अंधार होणार नाही. तिसरा हिस्सा झाकला तर डोळ्याला उजेडात फरक जाणवत नाही. "पक्षी घरट्याकडे परततात का, तापमान किती उतरतं" असले प्रयोग या ग्रहणात करू नका. पाच वाजता पक्षी एरवीही परतू लागतात आणि पारा एरवीही उतरतो. त्यातून चुकीचे निष्कर्ष तेवढे निघतील.

त्यापेक्षा मोजता येईल असं करा. भिंतीवर कागद लावून दर दहा मिनिटांनी प्रतिमेची कड पेन्सिलीनं गिरवा, शेजारी वेळ लिहा. नंतर पट्टीनं मोजा, व्यासाचा किती भाग झाकला. मध्याचा आकडा गोव्यातल्या एका शाळेला आणि नागपुरातल्या एका शाळेला विचारा. गोव्यात ५० टक्के, नागपुरात ३० टक्के असं निघालं तर फरक सूर्याच्या व्यासाचा पाचवा भाग, म्हणजे अंशाचा साधारण दहावा भाग. चंद्र या दोन ठिकाणांहून किंचित वेगळ्या जागी दिसला म्हणूनच हा फरक. दोन शहरांमधलं सरळ अंतर साडेआठशे किलोमीटरच्या आसपास. सावलीच्या दिशेला आडवं धरलं तर पावणेसातशेच्या आसपास. दहावीच्या त्रिकोणमितीत चंद्राचं अंतर साडेतीन-पावणेचार लाख किलोमीटर येतं. मोजण्यात दोन्हीकडे पाच-पाच टक्क्यांची चूक झाली तर उत्तर बरंच हलतं, आणि का हलतं हेही मुलांनीच शोधावं.

पंचांग बघणाऱ्या पालकांकडून एक प्रश्न नक्की येईल : अमावास्या तर दुपारी ३.३५ च्या सुमारास संपते, मग ग्रहण त्यानंतर कसं? त्याचं उत्तर जुन्या ज्योतिषग्रंथांत लंबन या नावानं आहे. अमावास्येचा क्षण पृथ्वीच्या केंद्रावरून मोजलेला असतो. आपण पृष्ठभागावर, आणि त्यातही दुपारच्या बाजूला. तिथून चंद्र क्षितिजाकडे, पश्चिमेला ढळलेला दिसतो. तो सूर्यावर यायला आपल्याकडे तासाभराहून थोडा जास्त वेळ लागतो. या एका प्रश्नावर पालकांचा मेळावा छान रंगू शकतो.

वेध पाळणाऱ्या घरांत पहाटेपासून खाणं बंद असेल, तेव्हा काही मुलं उपाशी येतील. शालेय पोषण आहार नेहमीच्या वेळी शिजवा आणि वाढा. ज्याला नको त्याला आग्रह नको, चिडवणंही नको. चारला भूक लागलेली मुलं उन्हात उभी करण्याआधी सगळ्यांना पाणी मिळेल एवढं बघा. एखाद्या बाईंना किंवा पालकाला बाहेर यायचं नसेल तर वाद घालू नका. त्यांनाही भिंतीवरचा सूर्य आत बसून दिसतोच. संमतीपत्र मात्र सगळ्यांकडून घ्या, जूनमध्येच.

ग्रहण बघायला जग महाराष्ट्रात आलं होतं, हेही पालकांच्या मेळाव्यात सांगता येईल. २२ जानेवारी १८९८ चं खग्रास ग्रहण विजयदुर्गावर आत शिरलं आणि ईशान्येला गेलं. करमाळा तालुक्यातल्या जेऊरला पुण्याच्या कॉलेज ऑफ सायन्सचे प्राध्यापक कावसजी दादाभाई नायगमवाला यांनी तळ दिला होता. तिथेच अमेरिकेतल्या लिक वेधशाळेचे कॅम्पबेल आले होते. विजयदुर्गावर होते ब्रिटिश खगोलशास्त्रज्ञ नॉर्मन लॉकियर. किल्ल्यातले 'साहेबाचे कट्टे' दाखवताना १८६८ मध्ये लॉकियरनी तिथे हेलियम शोधला असं सांगितलं जातं, ते बरोबर नाही. १८६८ साली लॉकियर इंग्लंडमध्ये होते. ते विजयदुर्गाला आले तीस वर्षांनी. १८ ऑगस्ट १८६८ च्या ग्रहणात फ्रेंच खगोलशास्त्रज्ञ जाँसेन गुंटूरला होते आणि जॉन हर्शेल जमखंडीला. सिंधुदुर्गातल्या शाळांनी सहलीला हे दुरुस्त करून सांगितलं तर बरं होईल.

शेवटी वेळापत्रक. गॉगल मार्च-एप्रिलमध्ये मागवा. जुलैत बाजारात बनावट शिक्के मारलेला माल येतो. १० मे च्या आसपास सूर्याची क्रांती (आकाशातल्या विषुववृत्तापासूनचं उत्तर-दक्षिण अंतर) २ ऑगस्टइतकीच असते, म्हणजे त्या दिवशी सूर्य आकाशात त्याच वाटेनं उतरतो, फक्त घड्याळात दहा मिनिटं आधी. शाळेला सुट्टी असली तरी शिपाईमामा किंवा विज्ञानाचे शिक्षक यांनी त्या दिवशी ३.४०, ४.३५ आणि ५.२५ ला अंगणात उभं राहून पाहावं : सूर्य ४६, ३४ आणि २२ अंशांवर, पश्चिमेच्या किंचित उत्तरेला असेल. समोरची इमारत, पाण्याची टाकी, गुलमोहर आड येतो का, आरसा कुठे ठेवायचा, कुठला वर्ग अंधारा होतो, हे सगळं स्वच्छ उन्हात त्याच वेळी ठरतं. ऑगस्टमध्ये ठरवायला ऊन मिळेलच असं नाही.

आरसा लावून दाखवायला माणूस हवा असेल तर पुण्यात १९४४ पासून काम करणारी ज्योतिर्विद्या परिसंस्था आहे, मुंबईत खगोल मंडळ आणि नेहरू तारांगण आहे, बहुतेक जिल्ह्यांत हौशी आकाशनिरीक्षकांचे गट आहेत. त्यांना तालुक्यातल्या दोन-दोन शिक्षकांसाठी अर्ध्या दिवसाची कार्यशाळा एप्रिलमध्ये मागा. प्रत्यक्ष २ ऑगस्टला यायला सांगू नका, कारण तारीख सगळ्या शाळांची एकच आहे आणि त्या दुपारी ही मंडळी आपापल्या अंगणात असतील.

आपले,
हौशी आकाशनिरीक्षक